ब्रेकच्या पानावरची पेन्सिल

६ फेब्रुवारी

दादा,

खुशाली विचारत नाही. आत्याकडून कळते तेवढी मला पुरते. तुझा पत्ताही तिच्याकडूनच घेतला. द्यायला तिने बरेच आढेवेढे घेतले, म्हणाली भांडायला हवा असेल तर देणार नाही. मी म्हटलं, भांडण चार वर्षांपूर्वीच झालंय, त्यात भर घालायला मला वेळ नाही. फोन तू उचलत नाहीस. पत्र फाडायचं तरी आधी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

काम असं आहे. मी हल्ली एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहाला निघायचं, टेकडीपलीकडच्या वस्त्यांमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या शिरा शोधत फिरायचं आणि दहाच्या आत सगळ्या नळ्या लॅबमध्ये पोचवायच्या. तिकडची सकाळची बस गेल्या महिन्यात बंद झाली. लॅबच्या मॅडमनी सांगितलंय, एप्रिलअखेरपर्यंत स्वतःच्या गाडीची सोय कर, नाहीतर ती फेरी दुसऱ्याला देऊ आणि तू काउंटरवर बस. मला काउंटरवर बसायचं नाही. त्या फेरीत माझी एकवीस माणसं आहेत आणि त्यातली निम्मी दुसऱ्या कोणाला दंडाला हात लावू देत नाहीत.

घरात गाडी आहे. ताडपत्रीखाली चार वर्षं उभी आहे, तीच.

मागच्या रविवारी ताडपत्री काढली. दोन्ही चाकं बसलेली, चेन गंजलेली, सीटखाली उंदराने संसार थाटलेला. बाबा खिडकीतून बघत होते. कोपऱ्यावरच्या वेल्डरने वाकलेलं हँडल सरळ करून दिलं, पुढचा दिवा बसवून दिला आणि सल्ला दिला की आता गॅरेजमध्ये टाक. मी टाकणार नाही. यापुढे दुसऱ्याच्या भरवशावर गाडी चालवायची नाही, असा कानाला खडा मी त्या दिवशीच लावलाय.

तो दिवस तू विसरला असशील तर आठवण करून देते. शनिवारी तू पुढच्या ब्रेकचे पॅड बदललेस. रविवारी सकाळी बाबा शिवलेला कोट पोचवायला निघाले. पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर समोर हातगाडी आली, बाबांनी ब्रेक दाबला आणि तो लागला नाही. मागचा ब्रेक पायाने दाबेपर्यंत भिंत आली होती. खुब्याचं हाड मोडलं. आता ते काठी घेऊन चालतात. पायमशीन त्यांना चालवता येत नाही, काज-बटणं तेवढी हाताने करतात. चाळीस वर्षं कोट शिवणारा माणूस दुसऱ्यांच्या सदऱ्यांना बटणं लावतो.

तेव्हा मी तुला माफ केलंय असं समजू नकोस. पण गाडीतलं तुला कळतं, हे मी नाकारत नाही. म्हणून एकच विचारते. चेन किती सैल ठेवायची? मी आवळली तर चाक फिरेना, सोडली तर ती लोंबायला लागली. एका ओळीत कळव. त्यापेक्षा जास्त लिहायची गरज नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी

दादा,

कार्ड मिळालं. "मेन स्टँडवर लाव. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून बघ, अडीच सेंटिमीटर. चाक फिरवून चार जागी मोज." वर नाव नाही, खाली सही नाही. एका ओळीत सांग म्हटलं तर तू तीन लिहिल्यास. तुझी जुनी सवय गेलेली नाही.

बाबांच्या टेपने मोजलं. टेप मागितली तेव्हा त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही, पण परत दिली तेव्हा ती काळीकुट्ट झालेली बघून तोंड वाकडं केलं. टेलरच्या घरात टेपला ग्रीस फासणारी मीच पहिली असेन. चार जागी मोजलं तर चार वेगळी मापं आली. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मग जिथे सगळ्यात ताठ होती तिथे अडीच धरलं आणि दोन्हीकडचे नट सारखे फिरवलेत की नाही ते कळावं म्हणून कपड्यावर आखायच्या खडूने त्यांच्यावर खुणा केल्या. बरोबर केलं ना? चुकलं असलं तर कळव, बरोबर असलं तर कळवू नकोस.

टाकीतलं जुनं पेट्रोल उपसलं. इंजिनचं ऑइल बदललं. त्या खालच्या नटाने मात्र माझ्या नाकी नऊ आणले. जमिनीवर आडवं पडून उलटं बघताना डावं-उजवं कळेना, आणि मी अर्धा तास तो सोडवायच्या ऐवजी आवळत होते. शेवटी सुटला तेव्हा ऑइल पातेल्यात पडायच्या आधी माझ्या बाहीत शिरलं. शेजारच्या काकू विचारत होत्या की लॅबमध्ये काही स्फोट-बिट झाला का.

तरी गाडी चालू होत नाही. किक मारून मारून पोटरी भरून आली. मग कार्बोरेटरचं खालचं भांडं उघडलं. त्यात ती पितळेची बारीक जेट असते, तिचं भोक पार बुजलं होतं. बाबांच्या डबीतली सगळ्यात बारीक सुई घेतली आणि भोक मोकळं करून टाकलं. आता गाडी चालू होते, पण धूर काढते आणि दोन मिनिटांत मान टाकते. का, ते कळव.

धाकटी


८ मार्च

दादा,

"सुई नको. भोक मोठं होतं. नवीन जेट बसव. पुढच्या वेळी ब्रशचा केस किंवा नुसती हवा."

भोक मोठं झालंच होतं. स्पेअरपार्टच्या दुकानदाराने जेट उजेडाकडे धरली, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, घरी शिवणकाम चालतं का. मी हो म्हटलं तर म्हणाला, वाटलंच. आधी हा माणूस मला पाहिलं की विचारायचा, "कोणासाठी नेताय?" आता नुसतं "आज काय फोडलंत?" विचारतो. ही बढतीच म्हणायची.

नवीन जेट बसवली, प्लग साफ केला, बॅटरी बदलली. परवा दुपारी चौथ्या किकला गाडी चालू झाली आणि चालूच राहिली. दादा, मला रडू आलं. तुला सांगायचं नव्हतं, पण दुसरं कोणाला सांगू? बाबा आत काज करत होते. आवाज ऐकून त्यांनी सुई खाली ठेवली. बाहेर काही आले नाहीत. मी आत गेले तेव्हा एवढंच म्हणाले की इंजिनातल्या टॅपेटचा थोडा आवाज येतोय. म्हणजे त्यांनी कान लावून ऐकलं होतं.

सध्या आवारातल्या आवारात पहिल्या गियरमध्ये फिरवते. फक्त मागचा ब्रेक वापरते. पुढचा अजून जसाच्या तसा आहे, त्या दिवशी होता तसा. आता तोच उघडायचा आहे. त्याबद्दल मात्र तुला विचारणार नाही. ब्रेकच्या बाबतीत तुझा सल्ला घ्यायचा म्हणजे काय, ते तूच समज. गाडीचं पुस्तक माळ्यावरच्या पेटीत आहे, ते काढून माझं मी करीन.

धाकटी


१५ मार्च

दादा,

आज लिहिण्यासारखं विशेष नाही. बाबा बरे आहेत. नवे पॅड आणलेत, अजून बसवले नाहीत.

एक विचारायचं होतं. पुस्तकात ब्रेकच्या पानावर तू पेन्सिलने लिहिलंयस. प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही सोडलेली नाही. आणि खाली त्या शनिवारची तारीख घालून, "टाकीच्या उतारावर चालवून पाहिली. दोनदा. ब्रेक उत्तम."

खरंच दोनदा पाहिलीस का? त्याच उतारावर? तेवढंच कळव.

धाकटी


२ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड आलं नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही पाठवलं नसतं.

विशेष काही नाही असं मी गेल्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. तुझ्या पेन्सिलच्या खुणा मी सांगितल्या, पण त्याच पानावर तळाशी चौकटीत काय छापलंय ते सांगितलं नाही. तू तर त्याखाली रेघच ओढून ठेवली आहेस. "डिस्कवर तेल, ग्रीस किंवा पॉलिश लागू देऊ नये. लागल्यास ब्रेक लागणार नाही."

मी ते माळ्याच्या शिडीवर उभी राहून वाचलं. मग शिडीवरच बसले.

आता नीट ऐक. त्या रविवारी तू अंघोळीला गेला होतास. बाबा कोट कागदात बांधत होते. तू शनिवारी गाडी धुतली होतीस, त्या पाण्याने पुढच्या डिस्कवर रात्रीत तांबूस गंज धरला होता. बाबा नव्या गिऱ्हाइकाकडे निघालेले, गाडी कशी चकाचक दिसायला हवी असं मला वाटलं. आणि आपल्या घरात लोखंड चकाचक करायचं म्हणजे काय करायचं, हे मला फ्रॉक घालायच्या वयापासून माहीत आहे. मशीन पुसून झालं की तेल. कात्री धार लावून आली की तेल. इस्त्रीच्या कडीलासुद्धा तेल. मी मशीनच्या तेलाची बुधली घेतली, अस्तराच्या तुकड्यावर दोन-चार थेंब टाकले आणि डिस्क दोन्ही बाजूंनी घासून पुसली. गंज गेला. बाबा म्हणाले, "वा, आरसाच केलास की." मी खूश झाले. पाच मिनिटांनी ते निघाले.

दादा, ब्रेक तुझ्यामुळे गेला नाही. माझ्यामुळे गेला.

तू म्हणशील, हे चार वर्षांत आठवलं कसं नाही. आठवत होतं. तेल लावलं होतं हे मला पहिल्या दिवसापासून आठवत होतं, पण तेल लावण्यात काही चूक असेल हे डोक्यातच आलं नाही. तेलाने बिघडलेलं लोखंड मी जन्मात पाहिलं नव्हतं. उलट, मी गाडीची काळजी घेतली आणि तू घेतली नाहीस, असा त्याचा हिशेब मी मनाशी मांडून बसले होते.

तू मला वकीलबाई म्हणायचास. ती वकीलबाई पुस्तक वाचूनसुद्धा लगेच शरण आली नाही. दोन-चार थेंबांनी काय होतंय, म्हणाली. पुस्तकवाले घाबरवायला लिहितात, म्हणाली. मग मी जुने पॅड काढले. ते जवळजवळ नवेच आहेत, एका दिवसाचे, पण वरून काळे आणि गुळगुळीत, बोट फिरवलं की चिकट लागतं. तरी ती म्हणाली, चार वर्षांची धूळ असेल.

तेव्हा म्हटलं, काय ते एकदाच डोळ्यांनी बघू. डिस्क स्पिरिटने लख्ख पुसली आणि पुस्तकात बघून नवे पॅड बसवले. तुझ्या प्रत्येक खुणेशेजारी पेनाने माझी खूण केली. बंद गोदामामागच्या मोकळ्या आवारात गाडी नेली आणि जमिनीवर खडूने रेघ मारली. वीसच्या वेगाने यायचं, रेघेवर पुढचा ब्रेक दाबायचा आणि किती पावलांवर गाडी थांबते ते मोजायचं. चारदा केलं. चार पावलं, चार, पाच, चार.

मग उतरले आणि अस्तराच्या तुकड्यावर मशीनचं तेल घेऊन डिस्क पुसली. त्या दिवशी पुसली होती तशी, तेवढीच. पुन्हा वीसचा वेग, पुन्हा रेघेवर ब्रेक. लिव्हर हाताला नेहमीसारखाच घट्ट लागत होता, दादा. हातात काहीच चुकल्यासारखं वाटत नाही, आणि गाडी मात्र पुढे जातच राहते. अठरा पावलं. दुसऱ्यांदा वीस. तिसऱ्यांदा मी मागचा दाबला नसता तर कुंपणात गेले असते. चौथ्यांदा केलं नाही. गाडी तिथेच लावली आणि जमिनीवर बसून राहिले. बाबांना त्या उतारावर त्या क्षणी काय वाटलं असेल, ते मला पहिल्यांदा कळलं.

आता दवाखान्यातलं. ते लिहायचं मी टाळत होते, पण टाळणार नाही. बाबांना आत नेलं होतं. आत्या होती, शेजारचे काका-काकू होते, वेल्डर होता. मीच सगळ्यांसमोर तुझ्यावर खापर फोडलं. शनिवारी गाडीला हात कोणी लावला, रविवारी काय झालं, दोन अधिक दोन करून दाखवलं. तू वाद घातला नाहीस. तू फक्त म्हणालास, "मला एकदा गाडी बघू दे." आणि मी म्हणाले, "आता त्या गाडीला हात लावलास तर मला बहीण म्हणू नकोस." घरी येऊन ताडपत्री मीच टाकली. वर दोरी बांधून गाठी मारल्या. तू ती गाडी एकदा बघितली असतीस तर डिस्कवर बोट फिरवताच तुला कळलं असतं. मी तुला तेवढंही करू दिलं नाही.

माझ्या अज्ञानाची चूक कोणीही पोटात घालेल. ही दुसरी कोणी घालणार नाही. ही मी उघड्या डोळ्यांनी केली.

बाराव्या दिवशी तू घर सोडून गेलास. गॅरेजसाठी जागा बघून ठेवली होतीस, पाट्यासुद्धा रंगवून घेतल्या होत्यास, ते सगळं सोडलंस. आत्या सांगते, तू गोदामात खोकी मोजतोस, बसने जातोस, आणि शेजाऱ्याने सायकलमध्ये हवा भरून मागितली तरी नाही म्हणतोस. हे ऐकून मी गेली चार वर्षं म्हणत होते, बरं झालं, खात असेल मन त्याचं. देवाशपथ असं म्हणत होते.

बाबांना मी कालच सांगितलं. ते काज करत होते. मी सगळं सांगितलं, तेल, अस्तर, आवारातली पावलं. त्यांनी तो काज पुरा केला, दोरा तोडला आणि मग विचारलं, "त्याला कळवलंस?"

मी म्हटलं, अजून नाही.

"मग मला आधी कशाला सांगतेस? माझा पाय गेला तो गेला. त्याचे हात गेलेत."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही माझ्यावर रागवा तरी. तर म्हणाले, "आरसाच केलास असं मीच म्हणालो होतो. मला आठवतंय. आणि तू त्याला बोललीस ते मला आत खाटेवर ऐकू येत होतं. एक शब्द बोललो असतो तर तो थांबला असता. वेदना होत होत्या, हे खरं आहे. पण बोलता येत होतं."

एवढं बोलून ते उठले आणि आत जाऊन पडले. जेवले नाहीत.

आज सकाळपासून मी फिरते आहे. त्या दिवशी दवाखान्यात जे जे होते त्या प्रत्येकाकडे जाऊन सांगितलं. आत्या रडली आणि मग मला बरंच काही बोलली, तिचा हक्क आहे. शेजारचे काका म्हणाले, जाऊ दे आता, जुनं झालं. मी म्हटलं, तुमच्यासाठी झालं. वेल्डर म्हणाला की तुझं काम त्याने पाहिलेलं आहे, त्याला तेव्हाच पटलं नव्हतं. का बोलला नाहीस विचारलं तर म्हणाला, तू बोलत होतीस तेव्हा मधे कोण बोलणार. स्पेअरपार्टच्या दुकानदाराचा यात काही संबंध नाही, पण त्यालाही सांगितलं. आता गाडीतलं कळणाऱ्या प्रत्येक माणसाला हे माहीत असलं पाहिजे, असं मी ठरवलंय.

दादा, मी चुकले. मला माफ कर असं लिहीत नाही, कारण ते मागायला फार सोपं आहे आणि द्यायला किती अवघड ते मला माहीत नाही. तुझं काम बरोबर होतं. पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत बरोबर होतं. एवढं तुला माझ्या हातचं लिहिलेलं मिळायलाच हवं होतं.

तुझी धाकटी


१९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र आलं. या वेळी कार्ड नाही, पाकीट होतं, त्यामुळे पोस्टमन गेल्यावर मी ते तासभर फोडलंच नाही. आत पाच ओळी. "चार वर्षं रोज ते काम मनात पुन्हा करतो. पॅड काढतो, पिना साफ करतो, बसवतो. कुठे चुकलं ते सापडत नव्हतं. तुझ्यावर इतका राग आलाय की पुढे लिहवत नाही. घरी येणार नाही."

मी ते बाबांना वाचून दाखवलं. शेवटची ओळ गाळावीशी वाटत होती, गाळली नाही.

राग ठेव. त्याची मुदत मी ठरवणार नाही. सापडत नव्हतं, कारण तिथे काही चुकलेलंच नव्हतं, एवढं मात्र रोज रात्री ते काम मनात करायला बसलास तर आधी आठव. आणि जमलं तर बसू नकोस.

इकडची हकीकत अशी. फेरी माझ्याकडेच राहिली. तेल लागलेले पॅड फेकले, दुसरे आणून बसवले, डिस्क तीनदा पुसली. आता सकाळी सहाला माझी गाडी टेकडीपलीकडे असते. एकवीसांपैकी एक आजोबा मी यायच्या आधी रस्त्यावर येऊन उभे राहतात, गाडीचा आवाज त्यांना ओळखू येतो. मशीनच्या तेलाच्या बुधलीवर मी कागद चिकटवून ठेवलाय, त्यावर फक्त 'मशीन' लिहिलंय.

परवा बाबांनी विचारलं, माझ्या पायाला मागे बसणं झेपेल का. मला आधी वाटलं दवाखान्यात न्यायचंय. त्या गाडीवर पुन्हा बसणार नाही असं ते चार वर्षं म्हणत आलेत. मी काही न विचारता गाडी पायरीपाशी लावली. वेल्डरने येऊन त्यांना धरलं, बसवलं, काठी बाजूला अडकवली. गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. बाबांनी माझा खांदा असा धरला होता की अजून दुखतोय. तिसऱ्या फेरीनंतर मी थांबायला लागले तर म्हणाले, "टाकीकडे घे."

मी घेतली. उताराच्या मधोमध त्यांनी खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "दाब." मी पुढचा ब्रेक दाबला. गाडी थांबली. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, बाबांनी त्याला हाताने पुढे जायला सांगितलं. मग म्हणाले, "चांगला लागतो." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याचाही असाच लागला असता."

घरी आल्यावर पायाला शेक घेत त्यांनी विचारलं, त्याचं घर किती लांब आहे. नव्वद किलोमीटर. नव्वद किलोमीटर म्हणजे काही परदेश नाही, दादा, आणि आम्ही दोघं चार वर्षं ते अंतर कापायला तयार नव्हतो. तू घरी येणार नाहीस हे आम्ही नीट वाचलंय आणि त्यावर आमचं काही म्हणणं नाही. तुला कोणी न्यायला येत नाहीये. आम्ही फक्त येतोय.

रविवारी सकाळी निघू. किती वाजता पोचू ते सांगता येत नाही, कारण दर वीस किलोमीटरला थांबावं लागेल, बाबांना पाय मोकळा करायला आणि मला सगळे नट पुन्हा बघायला. जास्तीचा प्लग, पाने, पंक्चरचं सामान आणि गाडीचं पुस्तक बरोबर घेतलंय. बाबांना तुझ्याशी काय बोलायचंय ते त्यांनी मला सांगितलेलं नाही. रोज काज करताना ओठ हलत असतात, म्हणजे तयारी चालू आहे.

त्यांनी घडीचं स्टूल मागे बांधायला सांगितलंय. मी म्हटलं, कशाला उगाच ओझं. तर म्हणाले, त्याने लगेच दार उघडलं नाही तर मला फार वेळ उभं राहवणार नाही, आणि परत तर मी जाणार नाही.

तुझी धाकटी